बांध नसलेलं शिवार

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवी कुरणं, त्यांच्याभोवती झुडपांची कुंपणं आणि मधोमध चर्चचा मनोरा येतो. पण यातली बरीचशी कुंपणं फार जुनी नाहीत. ती येण्याआधी शिवार कसं होतं, हे ज्या गावात आजही पाहायला मिळतं, त्या लॅक्स्टनविषयी मी आज बोलणार आहे.

लॅक्स्टन नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याचं शिवार. इथली जमीन चिकणमातीची, पावसाळी हवेत लवकर न वाळणारी. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची मातीची टेकाडं उरली आहेत. शेतकऱ्यांची घरं रानात विखुरलेली नाहीत; आपल्या गावठाणासारखी रस्त्याच्या कडेने एकत्र आहेत.

याचं कारण शेतीच्या पद्धतीत आहे. शिवारात तीन मोठी शेतं. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक आणि तिसरं पड. दरवर्षी हा क्रम पुढे सरकतो. प्रत्येक शेताच्या लांबट पट्ट्या पाडलेल्या, आणि एकाच शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. त्यामुळे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला जात नाही. पट्टी लांबट, कारण बैलांचा जड नांगर वारंवार वळवणं कठीण. नांगराच्या एका लांब तासावरूनच ‘फर्लांग’ हे माप आलं. तेच माप पुढे आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या दगडांवर येऊन बसलं.

१६३५ साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने या गावाचा नकाशा केला. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्या तर आहेतच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसंही चितारली आहेत.

कुंपण नाही, मग भांडणं कशी मिटतात? आपल्याकडे बांध कोरल्यावरून भावाभावांत पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. लॅक्स्टनमध्ये दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी गावातलेच पंच गव्हाच्या शेतात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कुणी वाटेत किंवा सामाईक गवतात नांगर घातला असेल, तर ते नोंदवतात. मग ‘कोर्ट लीट’ नावाची गावसभा बसते आणि दंड ठरतो. ही सभा मध्ययुगापासून चालत आली आहे.

इतरत्र हे सारं संपलं. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपणबंदीचे ५,००० हून अधिक कायदे केले. उत्पन्न वाढलं, पण सामाईक जमिनीवर गाय चारणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या गरिबाचा हक्क गेला. अनेकांना मजुरी पत्करावी लागली.

लॅक्स्टन वाचलं. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या एकत्र करून त्यांची संख्या कमी केली गेली. १९५२ साली सरकारच्या कृषी खात्याने ही मालमत्ता घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० साली थोर्सबी इस्टेटने विकत घेतली. मालक बदलले, पंचांची फेरी थांबली नाही.

मला या गावाचं मोल जुनेपणात वाटत नाही. शेजाऱ्याची हद्द आपणच राखायची, ही जबाबदारी इथल्या माणसांनी कचेरीवर सोपवली नाही. ज्या दिवशी शिवारात फिरायला पंच मिळणार नाहीत, त्या दिवशी नकाशा उरेल, पण लॅक्स्टन उरणार नाही.