हॅलोविनच्या जुन्या संग्राह्य वस्तू : अस्सल व नकली यांच्या परीक्षणाची ऐतिहासिक पद्धती

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, नाणी, शिलालेख व वास्तू यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान दिले जाते. एका रात्रीच्या वापरासाठी तयार केलेल्या आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तू या विचारात क्वचितच येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३१ ऑक्टोबर रोजी साजरा होणाऱ्या हॅलोविन या सणासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्माण झालेले कंदील, पुठ्ठ्याची कापीव चित्रे, पत्र्याची वाजती खेळणी, पोस्टकार्डे व मुखवटे हे अशा अल्पायुषी वस्तूंचे ठळक उदाहरण होय. त्या काळी अल्प किमतीत मिळणाऱ्या या वस्तूंना आज संग्राहकांच्या बाजारात मोठे मोल आले आहे. मोल वाढले की नक्कल वाढते, हा बाजाराचा अनुभव येथेही आला आहे.

तथापि हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या फसवणुकीचा नाही. पुठ्ठ्याच्या मांजराची किंवा लगद्याच्या कंदिलाची पावती सहसा कोणी जपून ठेवत नाही. अशा स्थितीत ती वस्तू हाच तिचा दस्तऐवज ठरतो. तो बनावट असेल तर त्याच्या आधारे लिहिलेला सणाचा सामाजिक इतिहासही सदोष ठरणार. म्हणूनच मराठी इतिहासलेखनात रुळलेली ‘साधनचिकित्सा’ ही संकल्पना या वस्तूंनाही लावणे आवश्यक आहे. प्रस्तुत निबंधात अशा परीक्षणाची पद्धती व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हॅलोविनची मुळे आयर्लंड व स्कॉटलंडमधील लोकाचारांत आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथून आलेल्या स्थलांतरितांनी हे आचार अमेरिकेत नेले. मायदेशी सलगम कोरून केला जाणारा दिवा तेथे भोपळ्याचा झाला. शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय घरांतून या रात्री मेजवान्या होऊ लागल्या. भविष्यकथनाचे खेळ व घराची सजावट हा त्यांचा प्रमुख भाग होता आणि त्यांत प्रौढांचाही सहभाग असे. या मेजवान्यांनीच सजावटीच्या वस्तूंना बाजारपेठ मिळवून दिली.

मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ ही सजावटीची पुस्तिका प्रथम काढली. क्रेप कागदाचा खप वाढावा हा तिचा हेतू होता. १९०० मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनियातील बिसल कंपनीने १९२० च्या दशकापासून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घडीचा पातळ कागद व पुठ्ठा यांची सजावट मोठ्या प्रमाणावर तयार केली. याच काळात जर्मनीतून, विशेषतः थुरिंजियातील सोनेबर्ग परिसराच्या खेळणी-व्यवसायातून, लगद्याचे कंदील व मिठाईची पात्रे अमेरिकेत येत होती. पहिल्या महायुद्धाने ही आयात खंडित केली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा थांबली. पुढे अंड्यांच्या ट्रेसारख्या खरबरीत लगद्याचे अमेरिकी कंदील, रंगीत छपाईची पत्र्याची खेळणी व १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या वस्तू प्रचारात आल्या. हा निर्मितिक्रम ज्ञात असणे ही परीक्षणाची पहिली पायरी होय.

अक्षरे, खुणा व कालनिर्णय

वस्तूवरील अक्षरे हा कालनिर्णयाचा सर्वांत सुलभ आधार आहे. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे बंधनकारक केले. त्यामुळे अनेक जर्मन वस्तूंवर ‘जर्मनी’ असा शिक्का आढळतो. ‘अमेरिकी विभाग, जर्मनी’ या अर्थाची खूण १९४५ ते १९४९ या काळाकडे निर्देश करते, तर ‘पश्चिम जर्मनी’ ही खूण १९४९ पूर्वीची असू शकत नाही. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण १९५२ मध्ये संपलेल्या लष्करी अंमलाची द्योतक आहे.

पोस्टकार्डांनाही असेच निकष लागू पडतात. पाठीमागे मजकूर व पत्ता यांसाठी दोन भाग असलेले कार्ड अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून टपालात स्वीकारले जाऊ लागले. निर्मात्याच्या पत्त्यात पाच अंकी झिप क्रमांक असल्यास ती वस्तू जुलै १९६३ नंतरची असते. किराणा मालावरील बारकोडचा वापर दुकानात प्रथम जून १९७४ मध्ये झाला, हेही येथे लक्षात घ्यावे.

परंतु शिक्का स्वतंत्रपणे पुरेसा नाही. रबरी शिक्का नव्याने करून घेणे मुळीच अवघड नाही. म्हणून शिक्क्याची शाई मळाच्या व भेगांच्या खाली आहे की वर, हे भिंगातून पाहावे लागते. आधी शाई व मग मळ हा स्वाभाविक क्रम होय. शाई मळावर बसलेली किंवा भेगेत उतरलेली दिसल्यास शिक्का वस्तूहून नवा ठरतो. तसेच मूळ कंपनीचे नाव असणे हाही प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. बिसल कंपनीने स्वतःच्या जुन्या आकृत्या पुढील काळात पुन्हा बाजारात आणल्या आहेत. अशी पुनर्निर्मिती ही फसवणूक नव्हे. नवी प्रत जुनी म्हणून विकली जाते, तेव्हा फसवणूक घडते.

द्रव्य व छपाई

जुन्या जर्मन कापीव चित्रांचा पुठ्ठा जाड असून त्यांवरील उठाव खोल व रेखीव असतो. रंग शिळाछापाने एकेक करून दिल्यामुळे भिंगाखाली अनियमित ठिपके व सलग रंगपट्टे दिसतात. आधुनिक प्रतींत चार रंगांचे समान अंतरावरील ठिपके फुलाच्या आकारात मांडलेले आढळतात. मात्र जाळीदार ठिपक्यांची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रचारात आली होती. त्यामुळे केवळ ठिपके दिसले म्हणून वस्तू नकली ठरवणे घाईचे होईल. याहून निर्णायक खूण वेगळी आहे. जुन्या प्रतीवरून यंत्राने उतरवलेल्या नकलेत मूळ प्रतीची घडी, ओरखडा वा डागही छापून येतो. अशी घडी डोळ्यांना दिसते, पण बोटांना लागत नाही.

अतिनील किरणांच्या दिव्याचा उपयोगही केला जातो. कागदाचा पांढरेपणा वाढवणारी रसायने साधारणतः १९५० च्या सुमारास कागदनिर्मितीत रूढ झाली. ती या प्रकाशात निळसर चमकतात. कंदिलाच्या डोळ्यांमागे व तोंडामागे लावलेला पातळ कागद असा चमकत असेल, तर तो कागद १९२० च्या दशकातील असणे संभवत नाही. परंतु संपूर्ण कंदील नवा आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. मूळचा कागद जळाल्यावर नंतर कोणी दुसरा लावला असण्याची शक्यता उरते. कापडी पोशाखाबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. आधुनिक धुलाईच्या पावडरीतही तीच रसायने असल्याने जुना पोशाख एकदा धुतला तरी चमकू लागतो. उलटपक्षी न चमकणारे कागद आजही तयार होतात. तात्पर्य, ही कसोटी एखादा दावा खोडून काढू शकते, तो सिद्ध करू शकत नाही.

झीज व वापराच्या खुणा

काळाची झीज सर्वत्र सारखी नसते. कंदिलाच्या तारेची कडी जेथे अडकते ती छिद्रे, नाकाचा शेंडा व तळाची कड येथे रंग अधिक उडतो. खोबणीत धूळ साचते आणि मेणबत्ती लावली असल्यास आत काजळी व मेणाचे ओघळ आढळतात. नकलेत बहुधा पॉलिश पेपरने घासून किंवा चहाच्या पाण्यासारखा तपकिरी रंग चढवून वय आणलेले असते. त्यामुळे हात न पोहोचणाऱ्या जागाही इतर भागांइतक्याच झिजलेल्या वा मळलेल्या दिसतात. पत्र्याच्या खेळण्यावरील गंज, लाकडी मुठीवरील हाताळणीची चकाकी व आतील दात्यांची झीज यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे पाहणे उपयुक्त ठरते. मूठ गुळगुळीत आणि दाते मात्र कोरे असतील तर संशयाला जागा राहते.

आशयाचे परीक्षण व कल्पित वस्तू

बाह्य परीक्षणाला आशयाच्या परीक्षणाची जोड आवश्यक आहे. मुलांनी दारोदार जाऊन मिठाई मागताना उच्चारावयाचा ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हा शब्दप्रयोग १९२० च्या दशकात कॅनडातील वृत्तपत्रांत आढळतो. अमेरिकेत तो १९३० नंतर रूढ होत गेला आणि युद्धकालीन साखर-नियंत्रण संपल्यावर ही प्रथा देशभर पसरली. म्हणून हे शब्द छापलेली पिशवी १९१० ची असल्याचा दावा कागद कितीही पिवळा असला तरी टिकत नाही.

याच ठिकाणी या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न उपस्थित होतो. जुन्या वस्तूची हुबेहूब नक्कल ही अभ्यासकाला काळाविषयी चकवते, पण रूपाविषयी नाही. याउलट, पूर्वी कधीच अस्तित्वात नसलेली वस्तू जुन्या शैलीत घडवली, तर तुलनेसाठी मूळ वस्तूच उपलब्ध नसते. अशी कल्पित वस्तू संग्रहात व छायाचित्रग्रंथात शिरली की भूतकाळात कधी नसलेली प्रतिमा भूतकाळाच्या नावे जमा होते. आजच्या अभिरुचीला रुचणारे भयप्रद रूप त्या काळच्या घरगुती मेजवान्यांवर लादले जाण्याचा धोका यातून संभवतो.

कायद्याची मर्यादा

अमेरिकेत १९७३ मध्ये छंद-संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार नाण्यांच्या नकलेवर ‘प्रत’ असा शब्द व राजकीय प्रचारवस्तूंच्या नकलेवर निर्मितीचे वर्ष असणे आवश्यक आहे. सणांच्या वस्तू या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आयात नकलेवर मूळ देशाचे नाव असावे लागते, परंतु ते कागदी चिठ्ठीवर असल्यास सहज काढून टाकता येते. त्यामुळे येथे परीक्षणाची जबाबदारी मुख्यतः संग्राहक, संग्रहालय व अभ्यासक यांच्यावर येऊन पडते.

निष्कर्ष

१. निर्मितिक्रम, अक्षरे, द्रव्य, झीज व आशय या पाचही अंगांनी वस्तूचे परीक्षण होणे आवश्यक आहे. एका खुणेवरून निर्णय देणे धोक्याचे ठरते.

२. बहुतेक कसोट्या निषेधात्मक आहेत. वस्तू जुनी नाही हे त्या ठामपणे सांगू शकतात. ती जुनी आहे, हा निष्कर्ष मात्र सर्व कसोट्यांवर विसंगती न आढळल्यानंतर संभाव्यतेच्या स्वरूपातच मांडता येतो.

३. दुरुस्त केलेली अस्सल वस्तू व नकली वस्तू यांत भेद करणे अगत्याचे आहे. तो न केल्यास खरे साधनही गमावले जाते.

४. संग्रहालयांनी वस्तू स्वीकारताना तिच्या पूर्वीच्या मालकीची माहिती नोंदवावी. आज नोंदवलेली ही माहिती उद्याच्या अभ्यासकाला कागदपत्रांची उणीव काही अंशी भरून देईल.

टाकाऊ मानल्या गेलेल्या वस्तूंतून सामान्य माणसाच्या उत्सवाचा, करमणुकीचा व भीतीचा इतिहास उलगडतो. राजाज्ञेच्या पत्राला लावावयाची चिकित्सा पुठ्ठ्याच्या मांजरालाही तितक्याच कसोशीने लावली, तरच हा इतिहास विश्वसनीय ठरेल.