नर्सची पदवी आणि सेवासदनची पायरी

आमच्या वसईत, होळीच्या बाजाराजवळ राहणाऱ्या ओळखीच्या एका मुलीने यंदा कला शाखेतून बारावी केली. तिला नर्स व्हायचं आहे. तिची अम्मी विचारायला आली, "भाई, बी.एस्सी. नर्सिंगला घेतील का हिला?" मला नाही म्हणावं लागलं. त्या चार वर्षांच्या पदवीला बारावी विज्ञान लागतं. हिच्यासाठी उरतो तीन वर्षांचा जीएनएम. त्याला इंग्रजीसह बारावी, कुठलीही शाखा आणि ४० टक्के गुण पुरतात.

पण नर्स पदवीधरच असावी, ही मागणी जुनी आहे. काही वर्षांपूर्वी भारतीय परिचर्या परिषदेने जीएनएम बंद करायचं ठरवलंही होतं; पुढे ते मागे घेतलं गेलं.

मागणी करणारे चुकीचे नाहीत. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये नऊ युरोपीय देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. इंग्लंडने २०१३ पासून नव्या नर्ससाठी पदवी सक्तीची केली. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना शिक्षण कमी चालेल, असं कोण म्हणेल?

आपल्या परंपरेतही सेवा म्हणजे नुसती दया नव्हती. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना मदिनेच्या मशिदीत रुफैदा यांच्या तंबूत ठेवलं होतं. प्रेषितांनी (स.) त्यांना तिथे पाठवलं, कारण रुफैदांना जखमांचं ज्ञान होतं.

प्रश्न ज्ञान हवं की नको हा नाही. ते ज्ञान दाराच्या आत द्यायचं की बाहेरूनच घेऊन यायला सांगायचं, हा आहे. याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. रमाबाई स्वतः लग्नानंतर घरीच लिहायला-वाचायला शिकलेल्या. सेवासदनात विधवा आणि गरजू बायका येत. त्यांतल्या अनेकींचं शिक्षण अर्धवट. परपुरुषाला, परजातीच्या रोग्याला हात लावणं तेव्हा भल्या घरच्या बाईला शोभत नसे. रमाबाईंनी काय केलं? आधी अक्षरओळख आणि शाळा, राहायला वसतिगृह, मग ससून रुग्णालयात नर्सिंगचं रीतसर प्रशिक्षण. त्यांनी दर्जा खाली आणला नाही, बाईला दर्जापर्यंत चढवलं.

पुढे १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात ४३ हजार माणसांमागे एक नर्स होती. समितीने पदवीचा आग्रह धरला, पण कमी शिकलेल्या मुलींसाठी वेगळी वाटही ठेवली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला पदवीचं शिक्षण सुरू झालं. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. म्हणजे पदवी आणि पदविका आपल्याकडे सुरुवातीपासून शेजारी-शेजारी नांदल्या.

आज पदवी सक्तीची केली तर पहिली बाहेर राहील ती होळीची ही मुलगी, आणि तिच्यासारख्या आपल्या मोहल्ल्यांतल्या, पाड्यांवरच्या कितीतरी. घराजवळ विज्ञानाचं कॉलेज नाही, शिकवणीला पैसे नाहीत, म्हणून तिने कला घेतली. तिची कुवत त्यावरून ठरत नाही.

माझं मत साधं आहे. पदवी हे मुक्कामाचं ठिकाण असू द्या, फाटक नको. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहेच. त्याच्या जागा आणि शिष्यवृत्त्या वाढवा, नोकरी करता करता तो पुरा करण्याची सोय द्या. एवढं झाल्यावर सक्तीचं बोला, मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.

आपल्या जमातींच्या ट्रस्टांनाही सांगणं आहे. जकातीतून गरजू मुलीची फी भरता येते. नर्सिंगच्या एका मुलीची तीन वर्षं उचला. आमच्या मुलीने जीएनएमचा अर्ज भरलाय. अम्मी फीची जुळवाजुळव करतेय.