मही खाडीकाठचे सायकलमार्ग

गुजरातमधील मही नदीच्या मुखाकडील प्रदेशात माउंटन बाइकवरून हिंडण्याच्या वाटा. बडोद्याच्या नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीतून निघणाऱ्याला सर्वांत जवळचा टप्पा महीकाठच्या सिंधरोटचा. सुमारे 583 किमी. लांबीची मही मध्य प्रदेशात उगम पावून खंभातच्या आखाताला मिळते. वासद-फाजलपूरपासून खाली तिच्या काठांवर पावसाने कोरलेल्या खोल घळी आहेत. त्यांना स्थानिक लोक, बडोदेकर मराठी मंडळीही, ‘कोतर’ म्हणतात. डोंगर नसलेल्या या मुलखात चढउताराची हौस भागते ती इथेच. गाळाची माती उन्हाळ्यात पिठासारखी भुसभुशीत होते आणि पुढचे चाक तिच्यात रुतते. पावसाळ्यात तीच चिकटून मडगार्डखाली गोळा होते. त्याहून जाच वेड्या बाभळीचा. तिचा काटा टायर भेदून ट्यूबपर्यंत जातो आणि उपटताच हवा फुस्स होते, म्हणून पंक्चरचे सामान जवळ हवेच.

पादरा-जंबुसरमार्गे आखाताच्या काठावरील कावी-कंबोईकडे जाणारा लांबचा मार्ग सपाट, पण वाऱ्याचा. तेथील स्तंभेश्वर महादेवाचे शिवलिंग भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. आखातात भरती-ओहोटीच्या पातळीत 10 मीटरांपर्यंत फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो सर्वाधिक असतो. ओहोटीत उघडा पडणारा चिखल वरून कोरडा दिसला, तरी त्यावर सायकल घालू नये. हिवाळ्याची सकाळ सर्वांत सोयीची.