पेटी कोणी लावावयाची?



वसंत व्याख्यानमालेत वाद्यांवर बोलावयाचे ते गवयाने, नाहीतर संगीताच्या प्राध्यापकाने. मी दोहोंपैकी कोणीच नाही. माझी हयात फाटकावरच्या सभा, मागण्यांची पत्रके आणि समझोत्याचे मसुदे यांत गेली. परंतु "भाऊ, यंत्र आले की माणूस जाणार काय?" हा प्रश्न जसा गिरणीच्या फाटकावर मला विचारला गेला, तसाच तो वाद्यवृंदात वाजविणाऱ्या पोरांनीही विचारला. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. शाळा लवकर सुटल्यामुळे इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागले. त्यामुळे वेळ लागला, पण पक्के झाले.

टेबलावर हा जो काळा डबा आपल्याला दिसतो, त्याची रुंदी १९ इंच आणि उंची पावणेदोन इंच. याला पट्ट्या नाहीत, भाता नाही, तार नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला हा टीएक्स ८१ झेड नावाचा सिंथेसायझर आहे. पट्ट्या नसलेल्या अशा डब्याला वाजविणारी मंडळी 'मॉड्यूल' म्हणतात. सेकंडहँड मिळाला म्हणून आमच्यासारख्यांच्या हाती आला.

याच्या पोटात हवा नाही की पत्ती नाही. आहे ते केवळ आकड्यांचे काम. गवई स्वराला कंप देतो, तो सेकंदाला पाच-सहा वेळा. आपल्याला स्वर हलताना ऐकू येतो. हाच कंप सेकंदाला शेकडो वेळा दिला तर? तेव्हा कान हलणे ऐकत नाही, स्वराचा रंगच पालटलेला ऐकतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या हे १९६७ साली कंपाचेच प्रयोग करताना ध्यानात आले. पुढे यामाहाने त्या शोधाचा परवाना घेतला आणि १९८३ साली डीएक्स ७ हे वाद्य काढले. या लहान डब्यात चार लहरी आहेत. कोणत्या लहरीने कोणत्या लहरीला हलवावयाचे याच्या आठ रीती आहेत. तेवढ्यातून घंटा निघते, बासरी निघते, ऑर्गनही निघतो. एका वेळी आठ स्वर, त्याहून अधिक नाही.

वाजवावयाचे कसे? पट्ट्या दुसऱ्या कीबोर्डच्या असतात. त्याच्या 'आउट'मधून पाच टाचण्यांची मिडी केबल काढावयाची आणि या डब्याच्या 'इन'मध्ये घालावयाची. या केबलमधून आवाज जात नाही, हुकूम जातो: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. डबा तो हुकूम ऐकून आवाज करतो आणि तो आवाज मागच्या जॅकमधून मिक्सरकडे जातो. मिडी ही व्यवस्था १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरविली. आपसांत हाडवैर असलेल्या कंपन्या एका केबलवर एकमत करू शकल्या, याचे मला आमच्या संघटनांकडे पाहून नेहमीच आश्चर्य वाटते! असो. एका केबलमधून सोळा वाटा जातात. पाठविणाऱ्याची वाट आणि ऐकणाऱ्याची वाट एकच असावी लागते, ही गोष्ट आम्ही चारचौघांत शिकलो. १४ एप्रिलचा कार्यक्रम, वस्तीतले पटांगण भरलेले, गायक उभा आणि डबा मुका. पडद्यावर दिवा आहे, मिक्सर चालू आहे, आवाज नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या, मग शिट्या. अर्ध्या तासाने लक्षात आले की कीबोर्ड एक नंबरच्या वाटेवर बोलत होता आणि डबा दोन नंबरवर कान लावून बसला होता.

हे झाले जोडण्याचे. आता लावण्याचे. आपल्या भाषेत वाद्य 'लावणे' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. तंबोरा लावतात, तबला लावतात, आणि लावतो तो वाजविणाराच. पेटी मात्र वाजविणारा लावत नाही, ती लावूनच येते. माझ्या मते पेटीवरचा शंभर वर्षांचा सगळा वाद या एका गोष्टीत आहे.

पेटी मूळची पॅरिसची. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती पायांनी वारा भरावयाची होती. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी केली, आणि मग ती कीर्तनात, तमाशात, भजनी मंडळात, नाटकात सर्वत्र शिरली. मराठी संगीत रंगभूमीने तर तिला डोक्यावर घेतले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक मैफलीत एकट्याने पेटी वाजवून श्रोत्यांना बसवून ठेवी. गरीब गायकाला सारंगिया परवडत नव्हता, पेटी परवडली. एक पेटी, एक ढोलकी, की झाली गायन पार्टी. वामनदादा कर्डकांच्या पिढीतील शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तो याच सरंजामावर. पेटीला नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

पण त्यांचा आक्षेप खोटाही नव्हता. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर प्रत्येक पट्टी शंभराची. तंबोऱ्याच्या तारेतून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर आहे. पेटीचा ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. धैवत १६ ने चढा, निषाद १२ ने. कोमल गंधार उलट १६ ने उतरलेला. पंचमात फरक अवघा २, म्हणून तो कोणाला खुपत नाही. ही वाटणी युरोपात त्यांच्या संगीताच्या सोयीसाठी झाली. त्यांना दर घटकेला षड्ज बदलावयाचा असतो. आपल्याला तो रात्रभर एकच ठेवावयाचा असतो. सोय त्यांची, पेटी आपल्या मांडीसमोर.

यावर पहिला मोठा उपाय आपल्याच महाराष्ट्रात झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे त्यांना साहाय्य होते. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने देवलांना साथ दिली आणि विलायतेत श्रुती-हार्मोनियम तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली, पण जमलेल्या जाणकारांचे समाधान झाले नाही. भातखंडे तर त्या मताच्या विरुद्धच होते. मी देवलांना नावे ठेवणार नाही; पेन्शनीत बसून इतका खटाटोप करणारा माणूस दुर्मीळ. मात्र त्यांच्या पेटीतही स्वर ठरले ते विद्वानाच्या टेबलावर. पत्ती एकदा कानशीने घासली की ती घासली. गायकाने म्हटले, "माझा गंधार एवढा नव्हे", तर पेटीवाला काय करणार?

दुसरा उपाय सरकारी होता, आणि सरकारी उपायांप्रमाणेच सरळ होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नव्हती. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले, तेव्हा ही बंदी त्याला जन्मतःच मिळाली. ती १९७१ पर्यंत टिकली, आणि मगही दार एकदम सताड उघडले नाही. दोष पट्टीचा होता, शिक्षा झाली पेटीवाल्याला. श्रुतीच्या शुद्धतेबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली. तीस वर्षे रेडिओच्या दारातून परत गेलेल्या पेटीवाल्याच्या पोटाबद्दल मला ओळसुद्धा सापडली नाही.

आता मुंबईस जाऊ. आवाज करणारी विजेची यंत्रे प्रथम तेथल्या चित्रपटांच्या स्टुडिओत रुजली. त्या स्टुडिओंचे वाद्यवृंद म्हणजे एक कारखानाच होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे जाणकार, पारशी घराण्यांतले वादक, आमचे प्रभाकर जोग यांच्यासारखे व्हायोलिनवादक, अनिल मोहिले यांच्यासारखे संयोजक. एका गाण्याला पन्नास-पन्नास, कधी शंभर माणसे बसत. मजुरी बैठकीवर, गाणे पुढे चाळीस वर्षे वाजले तरी व्हायोलिनवाल्याला त्या दिवसाचेच पैसे. या मेळ्यात तालवादक व अकॉर्डियनवादक केर्सी लॉर्ड यांनी सत्तरीच्या दशकात मूग सिंथेसायझर आणला. गिटारवादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांना जोडून भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. त्या वेळी ती तबकडी कोणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा मात्र विलायती पोरांनी ती उचलली.

१९८२ या सालापाशी मी थोडा थांबणार आहे. त्याच वर्षी, त्याच मुंबईत, १८ जानेवारीस अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आणि त्याच वर्षी लंडनच्या वादक संघटनेच्या एका शाखेने सिंथेसायझर बंद करा असा ठराव केला, कारण एका बड्या गायकाने दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी ही यंत्रे नेली होती. गिरणीचा संप कसा विरला ते आपण जाणतो. लंडनचा ठरावही कागदावर राहिला. यंत्रावर बंदी घालून यंत्र गेल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. आपल्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, इंग्लंडातल्या बहुतेक गिरण्यांच्या आधी रिंग चात्या बसल्या. त्या चात्यांविरुद्ध कोणी कितीही बोलते तरी त्या थांबत्या ना. त्याच गिरणीत प्रॉव्हिडंट फंड १९०१ साली आला, हेही विसरू नये. गिरणी २००२ साली बंद पडली ती चात्यांमुळे नव्हे.

बंदीपेक्षा शहाणपणाची लढाई अमेरिकेतल्या वादकांनी दिली होती. त्यांचे पुढारी पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. 'तबकडी काढू नका' असे ते म्हणाले नाहीत. 'विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे आमच्या निधीत पैसे टाका' असे म्हणाले. महायुद्ध चालू असताना, सरकारची नाराजी पत्करून, दोन वर्षांहून अधिक काळ ते टिकले. १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या मोठ्या कंपन्याही वाकल्या. आपल्याकडे वादकाचा कलावंत म्हणून हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. तोवर डबे आले होते आणि स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगा विरळ होऊ लागल्या होत्या. मागणी वेळेवर करणे ही संघटनेची अर्धी विद्या आहे, आणि येथे ती आपल्याला साधली नाही.

आता पुन्हा या डब्याकडे या, कारण याची एक खुबी सांगावयाची राहिली आहे. स्टुडिओवाल्यांना हा हवा होता तो दहा माणसांची मजुरी वाचविण्यासाठी. परंतु याच्या आत एक खाते असे आहे, की तेथे सप्तकाचा प्रत्येक स्वर आपण आकड्याने चढवू-उतरवू शकतो. देवलांनी पत्ती घासून जे करावयास घेतले, ते येथे बटण दाबून होते, आणि नको असेल तर पुसूनही टाकता येते. स्वर ठरविण्याचे काम कारखान्यातून आणि विद्वानाच्या टेबलावरून उठून प्रथमच वाजविणाऱ्याच्या हाती आले. मात्र हे खाते कीबोर्डवाल्यांपैकी फारच थोडे उघडतात. माहितीपुस्तकाच्या मधल्या पानांत दडलेले आहे ना!

आमच्या वाद्यवृंदातला कीबोर्डवाला पंचविशीचा. तालमीला गिरणीतल्या रिंग खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गायक येत. त्यांचा षड्ज काळी एक. प्रत्येक वेळी गंधारावर आले की त्यांचे तोंड कडू होई. "टोचते," एवढेच म्हणत. पोराला वाटे, म्हातारा बेसूर आहे. मी पुस्तकात वाचलेले त्याला सांगितले. काळी एकचा गंधार म्हणजे पांढरी चार. ती १४ ने उतरवली. म्हाताऱ्याने तोच स्वर लावला आणि डोळे मिटले. मग निषाद उतरवला. त्या दिवशी तालीम दोन तास अधिक चालली.

त्याच संध्याकाळी आमची फजितीही झाली. पुढची गायिका आली, तिचा षड्ज काळी पाच. गाणे सुरू झाले आणि पंचमावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. काळी पाचचा पंचम म्हणजे तीच पांढरी चार, आम्ही १४ ने उतरवून ठेवलेली! तंबोऱ्याने हा प्रश्न कधी उद्भवू दिला नसता. तेव्हापासून प्रत्येक गळ्याचे आकडे निराळे काढले. पोराने वहीचे पान फाडून त्यावर ते लिहिले आणि चिकटपट्टीने डब्याच्या झाकणावर लावले. आपण पुढे येऊन पाहू शकता, ते कागद अजून तेथे आहेत.

म्हाताऱ्याच्या नावापुढे गंधार १४ खाली असे लिहिले होते. पुढच्या तालमीला ते आले, ऐकले आणि म्हणाले, "अजून थोडा उतरव ना बा." पोराने माझ्याकडे पाहिले. गणिताने १४ च यावयास पाहिजे होते. मी म्हटले, गणित पुस्तकाचे आहे, गळा त्यांचा आहे. त्याने १४ खोडले आणि १७ लिहिले.