स्क्वायर : तारांच्या कारखान्यातून आलेले नाव

छत्रपती संभाजीनगर असो वा शिकागो, इलेक्ट्रिक गिटार शिकू पाहणाऱ्यास पहिली अडचण किमतीची. ती हलकी करणारे ‘स्क्वायर’ हे नाव मुळात गिटारचे नव्हे. अमेरिकेत मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे व्ही. सी. स्क्वायर ही कंपनी वाद्यांच्या तारा बनवीत असे. १९६५ मध्ये ‘फेंडर’ने ती विकत घेतली आणि कालांतराने ते नाव अडगळीत पडले. सत्तरच्या दशकात फेंडरचा दर्जा घसरला. त्याच सुमारास जपानी कारखान्यांनी तिच्या स्वस्त, सुबक नकला बाजारात आणल्या. त्यावरचा तोडगा नामी होता. १९८२ मध्ये जपानमध्येच, मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात, ‘स्क्वायर’ नावाने अधिकृत गिटार तयार होऊ लागल्या. आरंभीच्या ‘जेव्ही’ मालिकेची कारागिरी इतकी सरस, की संग्राहक आजही तिच्या शोधात असतात. पुढे उत्पादन कोरिया, चीन व इंडोनेशियाकडे सरकले.