दर, वेग आणि ‘पर्यंत’ : घरगुती इंटरनेटच्या तीस वर्षांचा हिशेब

१/
वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात घरी इंटरनेट घ्यायचे ठरले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात : स्पीड किती आणि महिन्याला किती पडतात? या दोन आकड्यांची तुलना सोपी वाटते. पण गेल्या तीस वर्षांत त्यांच्यामागे एक तिसरा आकडा नेहमीच दडलेला होता : अंतर. हा धागा त्या तिसऱ्या आकड्याचा.

२/
१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तत्पूर्वी १९८६ पासून ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे होते आणि त्यात मुंबईचे एनसीएसटी व आयआयटी सहभागी होते. परंतु ते संशोधकांपुरते मर्यादित होते. त्या वर्षी कामरगाव अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा अस्तित्वात यायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

३/
आरंभीचा दर पाहा. चित्रांसह वेब दाखवणारे टीसीपी/आयपी खाते वर्षाला १५,००० रुपये, वापर २५० तास, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. केवळ मजकूर दाखवणारे ‘शेल’ खाते याहून स्वस्त होते. १५,००० भागिले २५०, म्हणजे तासाला ६० रुपये. त्या एका तासात, जोडणी अखंड टिकली तरी, जेमतेम ४.३ एमबी उतरत. एका एमबीचा भाव सुमारे १४ रुपये. टेलिफोनचे बिल त्याखेरीज.

४/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. वेग ‘बिट’मध्ये मोजतात आणि फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये; ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ८ एमबीपीएसची जोडणी सेकंदाला १ एमबी उतरवते, ८ नव्हे. जाहिरातीतील आकडा आणि पडद्यावरील आकडा यांत दिसणारी आठपट तफावत बहुधा या भागाकारातून येते. ९.६ किलोबिटने १ एमबी उतरवायला सुमारे १४ मिनिटे लागत.

५/
आता अंतर. ही सेवा प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे मिळाली. डायल-अप पद्धतीत संगणक मोडेमद्वारे त्या शहरातील यंत्रणेला फोन लावी. मुंबईकराला तो स्थानिक कॉल पडे. पश्चिम विदर्भातून तोच फोन एसटीडी ठरे आणि एसटीडीचे दर अंतराच्या टप्प्यांनुसार चढत. खात्याची किंमत देशभर एकच, तरीही खेड्यातला प्रत्यक्ष खर्च शहराच्या कित्येक पट. रात्री उशिरा एसटीडी पाव दराने मिळे. रात्र स्वस्त आणि दिवस महाग, ही रीत पुढेही भेटणार आहे.

६/
धोरणकर्त्यांना ही विषमता दिसत होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारे उघडली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने सन २००० पर्यंत सर्व जिल्हा मुख्यालयांत इंटरनेट पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. नकाशावरील सीमा आणि इंटरनेटचा खर्च यांचे नाते येथे जुळते : जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रणा आली की मुंबईपर्यंतचा एसटीडी वाचतो. नवा जिल्हा म्हणजे केवळ नवे जिल्हाधिकारी कार्यालय नव्हते.

७/
त्याच सुमारास महाराष्ट्रात एक धाडसी प्रयोग झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर संकुलाभोवतीच्या ७० गावांत ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस किती तोलला गेला, पैसे किती निघतात, ही माहिती गावातल्या संगणकावर मिळावी हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसने तेच काम करून पाहिले. शेतकऱ्याची गरज काही अक्षरांची होती. ती एसएमएसने कमी खर्चात भागली. सर्वांत मोठा वेग हाच नेहमी सर्वांत उपयुक्त ठरतो, असे नाही.

८/
इंटरनेट इतके महाग का होते? एक कारण समुद्रापलीकडे होते. देशातील सेवादात्यांची जाळी एकमेकांना थेट जोडलेली नसल्याने मुंबईतून पुण्याला पाठवलेला ईमेलही परदेशातून फिरून येऊ शके, आणि त्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे पैसे मोजावे लागत. देशांतर्गत वाहतूक देशातच वळवण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

९/
१४ ऑक्टोबर २००४. केंद्राचे ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले आणि ‘ब्रॉडबँड’ या शब्दाला भारतात सरकारी व्याख्या मिळाली : सदैव चालू असणारी, किमान २५६ किलोबिट वेगाची जोडणी. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ‘ट्रायबँड’ आणले. फोन आणि नेट एकाच तांब्याच्या तारेवर एकाच वेळी चालू लागले. तासाचा हिशेब संपला, एमबीचा सुरू झाला.

१०/
‘होम २५०’ या प्लॅनचे नावच त्याचे मासिक भाडे सांगे. सुरुवातीच्या काळात त्यात महिन्याला ४०० एमबी मिळत. म्हणजे एमबीला सुमारे ६२ पैसे. ‘होम ९००’ अमर्याद होता, पण २५६ किलोबिटचा. मधल्या ‘होम ५००’ मध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असे. म्हणून एक पिढी गजर लावून पहाटे दोनला उठली आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपली. एसटीडीच्या पाव दराची रात्र नव्या वेषात परतली होती.

११/
१ जानेवारी २००७ पासून मर्यादित वापराच्या प्लॅनचा वेग त्याच भाड्यात २ एमबीपीएसपर्यंत वाढला. आनंदाची वार्ता, पण हिशेब करावा. २५६ किलोबिटने ४०० एमबी संपायला साडेतीन तासांच्या आसपास लागत. २ एमबीपीएसने ते २७ मिनिटांत संपतात. पुढे प्रत्येक जादा एमबीचे पैसे. वेग आठपट झाला, महिन्याची शिदोरी तेवढीच राहिली. त्या काळी घराघरांत आलेल्या अवाजवी बिलांचे मूळ या गणितात सापडते.

१२/
शिवाय ‘२ एमबीपीएसपर्यंत’. दरपत्रकातील हा ‘पर्यंत’ सर्वांत महत्त्वाचा शब्द. तांब्याच्या तारेवरील डीएसएल संकेत अंतरासोबत क्षीण होतो. एक्स्चेंजच्या शेजारच्या घरी पूर्ण वेग, काही किलोमीटरवरच्या वस्तीत त्याचा अंश, आणि पाचेक किलोमीटरपलीकडे बहुधा काहीच नाही. भाडे मात्र एकच. शहरात एक्स्चेंज दाट असतात. ग्रामीण भागात एका एक्स्चेंजवर गाव, वाड्या आणि शेतवस्त्या अवलंबून असतात.

१३/
दुसरा अदृश्य आकडा वाटेकऱ्यांचा. २००९ मध्ये ट्रायने घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० हे कमाल प्रमाण घालून दिले. म्हणजे एकाच क्षमतेवर पन्नासपर्यंत ग्राहक. सर्वजण एकाच वेळी बसत नाहीत, या गृहीतकावर ही व्यवस्था उभी असते. संध्याकाळी ते गृहीतक कोसळते, आणि वेगही.

१४/
तांब्याच्या मर्यादेवर उत्तर होते प्रकाशतंतू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. मूळ मुदत दोन वर्षांची. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींना २०१७ चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यासाठी ‘महानेट’ आले. २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले.

१५/
येथेही तिसरा आकडा पाहावा. भारतनेटचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएस. तेवढ्यावर पन्नास घरे एकाच वेळी बसली, तर प्रत्येकी २ एमबीपीएस. आणि ग्रामपंचायतीच्या इमारतीपासून घरापर्यंतची तार कोण ओढणार, हा प्रश्न निराळाच. अंतर पाचशे किलोमीटरवरून पाचशे मीटरवर आले, संपले नाही.

१६/
५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटाचे भाव कोसळले. देशातील बहुसंख्य ब्रॉडबँड ग्राहक आज मोबाइलवर आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा पडद्यावर गेल्या, आणि मोबाइल व घरगुती जोडणी यांतील भेद उघडा पडला. चित्रासह तासिकेला १ एमबीपीएस धरला, तर तीन तासांत १.३५ जीबी खर्च होतात. दिवसाला १.५ जीबीचे रिचार्ज एका मुलाच्या शाळेत संपते. घरात दोन मुले असतील, तर दुसऱ्याची शाळा बुडते.

१७/
त्याच वर्षी घरगुती फायबरचे भाव उतरले : सप्टेंबरमध्ये जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना, ऑक्टोबरमध्ये बीएसएनएलचा त्याच वेगाचा ४४९ रुपयांना, वापर ३,३०० जीबीपर्यंत, कर वेगळा. १९९५ चे खाते महिन्याला १,२५० रुपये पडे. म्हणजे भाडे जवळपास एक तृतीयांश आणि वेग ३,१२५ पट. मात्र हा भाव फायबर दारापर्यंत आलेल्या घराचा होता. जेथे तंतूच नाही, तेथे ४४९ रुपये हा आकडा निरर्थक.

१८/
व्याख्याही सरकत गेली : २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२, आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ‘देशात इतके ब्रॉडबँड ग्राहक’ असे विधान वाचताना ते कोणत्या वर्षाच्या व्याख्येने मोजले, हे पाहावे. २००७ मध्ये जो वेग कमाल म्हणून विकला गेला, तोच आज किमान ठरला आहे.

१९/
म्हणून कोणत्याही काळातील दरपत्रक वाचताना चार प्रश्न विचारावेत. मोजमाप कशाचे : तास, एमबी की महिना? वेग किमान की ‘पर्यंत’? त्या तारेवर वाटेकरी किती? आणि तार घरापासून किती दूर? हे चार प्रश्न १९९५ च्या खात्याला लागू पडतात, तसेच कामरगावात आज घ्यायच्या जोडणीलाही.

२०/
या इतिहासाची साधने अजून घरोघरी आहेत : टेलिफोनची जुनी बिले, मोडेमचे खोके, सायबर कॅफेच्या पावत्या. सरकारी अहवालांत धोरण सापडते; एखाद्या घराला त्या महिन्यात नेट प्रत्यक्षात कितीला पडले, हे त्या बिलातच कळते. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाण्यापूर्वी तारीख पाहून जपून ठेवावीत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून गावात नेट कधी आले आणि कितीला आले, याची नोंद पुढच्या अभ्यासकाला तेथूनच मिळेल.

#इतिहास #विदर्भ #धागा_समाप्त