ढीग कोणी उचलायचा?

कोळशाच्या इतिहासात कोळशाविषयी पुष्कळ लिहिले जाते. तो काढताना बाहेर टाकलेल्या दगडमातीविषयी सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः खाण मिटल्यावर गावाच्या वाट्याला उरतो तो हाच वारसा. म्हणूनच दक्षिण वेल्समधील आबरव्हान या खेड्याची हकीकत आम्हांला सांगण्याजोगी वाटते.

गावाच्या माथ्यावरील डोंगरउतारावर मर्थर व्हेल खाणीतील टाकाऊ मालाचे सात ढीग रचलेले होते. सातवा ढीग १९५८ मध्ये सुरू झाला, तो नेमका झऱ्यांवर. हे झरे नकाशांत दाखविलेले होते. १९४४ मध्ये चौथा ढीग घसरला होता. १९६३ मध्ये सातवाही सरकला होता. डोंगर बोलत होता. ऐकणारे मात्र कोणी नव्हते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास पाण्याने फुगलेला तो ढीग चिखलासारखा वाहू लागला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर येऊन आदळला. १४४ माणसे मेली. त्यांत ११६ मुले होती. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी मंडळाने १९६७ मध्ये दोष निःसंदिग्धपणे राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या पदरात घातला.

परंतु खरा प्रश्न पुढेच होता. उरलेले ढीग कोणी उचलायचे? ते सुरक्षित आहेत, असे अधिकारी सांगत. ज्यांची मुले गेली त्यांना ते डोळ्यांपुढे नको होते. अखेर १९६८ मध्ये सरकार तयार झाले, पण त्या खर्चापोटी त्याने मृतांच्या आप्तांसाठी जगभरातून जमलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले. म्हणजे ज्यांच्यावर ढीग कोसळला, त्यांनीच तो उचलण्याचे पैसे द्यायचे! ही रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, तीही व्याजावाचून. २००७ मध्ये वेल्श सरकारने आणखी पंधरा लाख पौंड दिले, तेव्हा कुठे या अन्यायाचे थोडेबहुत परिमार्जन झाले.

या दुःखातून १९६९ चा ढिगांविषयीचा कायदा निघाला. पडीक जमिनी सुधारण्याचे काम वेल्समध्ये जोमाने सुरू झाले. ढिगांचे चढ उतरविणे, पाण्याला वाट काढून देणे, वर माती पसरून गवत रुजविणे, असा हा क्रम. तथापि गवत उगवले म्हणजे काम संपले, असे नव्हे. फेब्रुवारी २०२० मधील वादळी पावसात टायलर्सटाउन येथे जुना ढीग पुन्हा घसरला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वेल्समध्ये असे अडीच हजारांहून अधिक सोडून दिलेले ढीग आजही आहेत, आणि त्यांतील चर बुजले की पाणी आपले जुने काम पुन्हा सुरू करते.

हे केवळ परक्यांचे दुःख नव्हे. झारखंडमधील राजमहाल येथील उघड्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीचा ढीग कोसळून २३ कामगार दगावले. जमिनीची परतफेड खाण मिटल्यावर नव्हे, पहिली टोपली उपसतानाच हिशेबात धरली पाहिजे. नाहीतर ते ऋण फेडण्याची पाळी कोणावर येते, हे आबरव्हानने दाखवून दिलेच आहे.